गोळीचा रकाना

वाकड
सोमवार, ८ जुलै २००२

अहो,

नमस्कार. कागदाच्या डोक्यावर श्री घातला आहे, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही. अक्षराला हसू नका. माझी शाळा तिसरीपर्यंतची आणि त्यातही निम्मा वेळ मास्तरांच्या म्हशीमागे गेला, हे तुम्हीच येईल त्याला सांगत असता. शिवाय सृष्टी मांडीवर बसली आहे आणि तिला हेच पेन हवं आहे. मधे जी वेडीवाकडी रेघ दिसते ती नातीची सही समजा.

एकाच पुण्यात राहून बायको नवऱ्याला पत्र लिहिते म्हटल्यावर पोस्टमन हसत असेल. पण तुम्ही घरात फोन घेऊ दिला नाहीत, आणि खाली ललिताकडे फोन केला तर तुम्ही जिना उतरत नाही. "ज्याला बोलायचं त्याने यावं." मी येईन हो, पण बिबवेवाडी म्हणजे दोन बस, आणि हिला कडेवर घेऊन ते होत नाही. सूनबाई सकाळी आठला कंपनीच्या बसने जाते ती दिवेलागणीला परत. श्यामचं काही विचारू नका, अमेरिकेत उजाडलं की याचा दिवस सुरू. पाळणाघरातून पोरगी दर आठवड्याला काही ना काही घेऊन यायची, सर्दी नाहीतर जुलाब, म्हणून मी आले. महिना झाला. मी निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "किल्ली कोनाड्यात ठेव." ते वाक्य मी स्वारगेटपर्यंत चघळत होते.

असो. आनंदाची बातमी आधी सांगायची ती राहिलीच. सृष्टी चालते. चालते म्हणजे भिंत सोडून चार पावलं, मग बसकण, मग आपणच टाळ्या. पंधराव्या महिन्यात चालली. श्याम तेराव्यात चालला होता, पण तो तुमच्या धाकाने. मी तिला तुमचा फोटो दाखवून "आबा" म्हणायला शिकवलं आहे. सध्या ती फ्रिजलाही आबा म्हणते. मनाला लावून घेऊ नका, तोही गार आणि गप्पच असतो.

इथे पाचव्या मजल्यावरून खाली ज्वारीची शेतं दिसतात आणि पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. गुरं चरत चरत कंपनीच्या फाटकापर्यंत जातात. वॉचमन माणसांना कार्ड विचारतो, म्हशींना विचारत नाही.

आता जे लिहायला बसले ते. मागच्या मंगळवारी सृष्टीला ताप आला. घाबरू नका, आता ती ठणठणीत आहे, नाहीतर मी इतकं पाल्हाळ लावलं असतं का? दुपारी अंग कढत लागलं, काचेची नळी लावली तर एकशेतीन. श्यामला फोन केला, तो रिक्षा करून आला. पोरांच्या डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा, केस कापलेले, पण हात चांगला. तपासून म्हणाल्या, "घसा सुजलाय. औषध देते. पण ते लागू पडायला पाऊण तास जाईल, तोवर कोमट पाण्याने अंग पुसून काढा. सगळं अंग, नुसतं कपाळ नाही. गार पाणी नको, बर्फ नको, आणि वरून गुंडाळायचं तर अजिबात नाही."

मी श्यामकडे बघितलं. श्याम भिंतीवरच्या पोलिओच्या चित्राकडे बघत होता.

डॉक्टरीणबाईंना काय माहीत आमच्या घरात पाण्यावरून काय झालंय ते. मी गेल्या ऑगस्टातलं उगाळत नाही. लस टोचून हिला ताप आला होता, चार महिन्यांची होती, आणि तुम्ही तिला माठाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळलंत. तिचे ओठ निळे झाले, ती थरथरायला लागली, आणि तेवढ्यात श्याम दारात. तो म्हणाला, "मला मारायला निघाला होतात, आता हिला?" तुम्ही म्हणालात, "तू जगलास तो पाण्यावर." त्यानंतर तो बिबवेवाडीचा जिना चढला नाही आणि तुम्ही वाकडचा रस्ता विचारला नाहीत. दोघंही एकाच मापाचे.

मी विचारलं डॉक्टरीणबाईंना, "गार पाण्याने काय होतं हो?" त्या म्हणाल्या, "आजी, गार लागलं की अंग थरथरतं, आणि थरथरलं की आतून आणखी तापतं." म्हणजे बघा, पाणी तुमचंच, फक्त कोमट.

घरी आल्यावर मी पातेल्यात पाणी घेतलं, माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढला, तर श्यामने बाह्या वर केल्या. म्हणाला, "आई, तू धर तिला." फडकं बुडवलं, पिळलं, तीन वेळा झटकलं, चार पदरी घडी केली. कपाळ, मान, काखा, जांघा, मग तळपाय. दर वेळी तेच. झटकायचं ते तीनदाच. मी म्हटलं, "कुठे शिकलास रे?" म्हणाला, "शिकलो कुठे. सहा वर्षांचा असताना पंधरा दिवस तेच बघत पडलो होतो."

पाऊण तासात पारा एकशेएकवर आला. औषधाने किती, पाण्याने किती, ते देव जाणे. पोरगी मात्र त्याच्या मांडीवर झोपली, आणि तो तसाच बसून राहिला. अमेरिकेला त्या दिवशी थांबावं लागलं.

तेव्हा राग सोडा. या एकदा. येत नसाल तर दोन ओळी तरी लिहा.

तुळजा


वाकड
शुक्रवार, १९ जुलै २००२

अहो,

दोन ओळी आल्या नाहीत. ललिताचा फोन आला.

ती म्हणाली, "तुळजाकाकू, काकांना एक दिवस आड हुडहुडी भरते. वरची लोखंडी खाट वाजायला लागली की आम्हाला खाली कळतं, अकरा वाजले." मग तापतं, मग घामाने चादर भिजते, मग दुसरा दिवस बरा. कालची चौथी पाळी म्हणाली. डोळे पिवळट दिसतात, पायऱ्या चढताना कठडा धरता. चार पाळ्या, आणि मला हे शेजारणीकडून कळतं. मी काय मेले होते का?

ती आणखी एक म्हणाली, ते मी आधी हसून घेतलं आणि मग रडले. मोरीबाहेर तुमचा कटिस्नानाचा टब आहे ना, कमरेपर्यंत बसायचा, त्यात तुम्ही पाणी भरून ठेवता उन्हाने तापायला. मी असताना रोज ओतून झाडांना घालत होते. आता त्यात किडे वळवळतायत. महापालिकेचा माणूस आला होता डासांची पाहणी करायला, त्याने टब उपडा करायला सांगितलं, तर तुम्ही त्याला म्हणालात, "आधी रस्त्यावरचे खड्डे उपडे करा, मग माझा टब." ललिताच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय.

ललिताचा दशरथ तुम्हाला रक्त तपासायला घेऊन जातो म्हणाला, त्याला काय सांगितलंत? "माझं रक्त माझ्यापाशी बरं आहे." आणि पुन्हा तेच, "मुदतीचा ताप मी नुसत्या पाण्यावर उतरवलाय, हा थंडीताप कोण लागून गेला."

हे वाचताय ना? थंडीताप पाण्याने उतरतो, पण जात नाही. दर पाळीला माणूस थोडा थोडा झिजतो. दशरथच्या कारखान्यात एक जण असाच अंगावर काढत होता. पुढचं लिहीत नाही.

त्या चौऱ्याहत्तर सालाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. श्यामच्या त्या तापाबद्दल. म्हणजे असं की,

सूनबाई आली. आज बस लवकर आली बाई. तिला चहा टाकते.

चहा झाला. मघाचं राहू दे, इतकं काही नाही ते. सूनबाईने सोमवारपासून चार दिवस रजा टाकली आहे, न मागता. म्हणाली, "आई, तुम्ही जा, बाबांना बघा." श्यामने बसच्या पैशांबरोबर नवा थर्मामीटर पिशवीत घातला. परवा येते. दार उघडा.

तुळजा


बिबवेवाडी, आपलं स्वयंपाकघर
सोमवार, २२ जुलै २००२, संध्याकाळचे पाच

अहो,

तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपला आहात आणि मी इथे भाजीच्या कागदावर लिहिते आहे. चाळीस वर्षं संसार केला, पण काही गोष्टी तुमच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाहीत. तुम्ही चष्मा खाली ओढून वरून बघता, मग माणूस मिठाचा भाव विचारून परत येतं.

काल दार तुम्हीच उघडलंत. आधी पिशवीकडे बघितलंत, मग म्हणालात, "बघायला आलीस की शिकवायला?" मी म्हटलं, "स्वयंपाकाला." ते चाललं.

मी टब उपडा केला तेव्हा तुम्ही खाटेवरून ओरडलात, "ते पाणी तापवलेलं होतं." मी म्हटलं, "त्यात डासांची पोरं झाली होती." तुम्ही म्हणालात, "म्हणजे पाणी स्वच्छ होतं. घाणीत हे डास अंडी घालत नाहीत." मी टब भिंतीला उभा करून ठेवला.

आज अकराला खाट वाजली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दीडला ताप एकशेचार. तुम्ही सांगितलंत तशा मी घड्या ठेवल्या, तीनदा झटकून, फक्त पाणी कोमट घेतलं, ते तुम्हाला कळलंही नाही. घाम सुटला, आणि डोळे उघडल्या उघडल्या तुम्ही म्हणालात, "वही आण."

निळ्या पुठ्ठ्याची वही. मी ती उघडी धरली आणि तुम्ही बोट ठेवून मला वाचून दाखवलंत, जशी काही मी त्या वेळी घरात नव्हतेच. भवानी पेठेतली खोली, श्रावण, श्याम सहा वर्षांचा. वेळ, ताप, उपचार, आहार, चार रकाने, अक्षर छापल्यासारखं. आणि पानाच्या डोक्यावर, औषध : निरंक.

"बघ," तुम्ही म्हणालात, "निरंक. एकशेचारवरून अठ्ठ्याण्णवावर आणला. आता मला गोळी गिळायला सांगतेस?" बोलताना तुम्हाला धाप लागत होती. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय तुमचं. बुधवारी पुन्हा अकरा वाजतील.

म्हणून लिहिते. निरंक नव्हतं.

आता मधे थांबू नका, सगळं वाचा. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही निसर्गोपचाराच्या आश्रमातून पोटाचं दुखणं बरं करून आला होतात. खरंच बरं झालं होतं, मी नाही म्हणत नाही. तेव्हापासून तुम्ही पाण्याचे झालात. श्यामला मुदतीचा ताप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, डॉक्टर नाही, गोळी नाही, फक्त घड्या, पोटावर ओली पट्टी, मोसंबीचा रस आणि दिवसातून तीनदा मध. चौथ्या दिवशी पोर छताकडे बघून आजोबांशी बोलायला लागलं. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. तुम्ही काट्यावर कामाला गेलात, आणि मी त्याला शालीत घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथे सत्यशीला सिस्टर होत्या, त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. औषध चौदा दिवसांचं, पण ते एका वेळी दोन दिवसांचंच देत.

कॅप्सूल फोडायची आणि भुकटी मधात कालवायची. मध तर तुमच्याच पथ्यातला. तुमच्या समोर बसून चाटवायचे मी. पहिल्या दिवशी पोर म्हणालं, "मध कडू आहे," आणि माझा जीव गेला. तुम्ही म्हणालात, "तापात तोंड कडू असतंच," आणि वहीत लिहिलंत, जिभेस कडवटपणा. बघा, आहे अजून, दुसऱ्या पानावर.

तुम्ही तीस वर्षं तोलाई केलीत, आधी भवानी पेठेत आणि मग मार्केट यार्डात. काटा थांबल्याशिवाय तुम्ही आकडा बोलला नाहीत. अडत्याने पारड्याला बोट लावलं तर भर बाजारात पोतं उतरवून परत चढवायला लावायचात. आणि तुमच्या घरातल्या काट्याला मी बोट लावलं. मापात पाप केलं. पोर उठून बसल्यावर सांगणार होते, पण तोवर तुम्ही पेठेत वही दाखवत फिरत होतात. तुम्ही इतके आनंदात मी कधी बघितले नव्हते. मग आज सांगू उद्या सांगू करता करता अठ्ठावीस वर्षं झाली. कोणी आई पोर घेऊन तुमच्याकडे घड्या शिकायला यायची, तिला मी जाताना जिन्यात गाठून दवाखान्याचा रस्ता सांगायचे. म्हणजे कोणाचं वाईट होऊ दिलं नाही एवढंच.

तुम्हाला राग येईल. येऊ दे. बोलू नका माझ्याशी महिनाभर, वर्षभर, मला सवय आहे. पण त्या पानाच्या भरवशावर बसून राहू नका. ते पान खोटं आहे आणि ते मी खोटं केलं आहे. श्यामलाही हे माहीत नाही.

हा कागद वहीत ठेवते. खिचडी झाकून ठेवली आहे. मी खाली ललिताच्या ओट्यावर जाऊन बसते.

तुळजा


वाकड
रविवार, ११ ऑगस्ट २००२

अहो,

नमस्कार. सृष्टी आज पेन मागत नाही, कारण तिला सूनबाईने दुसरं दिलंय. त्याला टोपण आहे, शाई नाही. शिकलेल्या बायका हुशार असतात.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून ललिताच्या शेंगा सोलत होते. अर्धी टोपली झाली तेव्हा जिना वाजला. तुम्ही टोपी घातलेली, हातात छत्री, एका हाताने कठडा धरलेला. माझ्यावरून नजर अशी गेली जशी दारावरच्या पायपुसण्यावरून जाते. दशरथला म्हणालात, "ते रक्त कुठे तपासतात?" बास. दशरथ बिचारा चपला शोधेपर्यंत तुम्ही फाटकात.

थंडीतापच निघाला. पुढचे तीन दिवस मी तुमच्या घरात होते आणि तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी गोळी आणि पाणी ठेवायची, तुम्ही भिंतीकडे बघून घ्यायचात. भाजीत मीठ नव्हतं तेही सांगितलं नाहीत. गुरुवारी तुम्ही कपाटाला म्हणालात, "पोरीकडे बघायला कोणी आहे का तिकडे?" म्हणून मी निघाले. या खेपेला किल्लीचंही नाव काढलं नाहीत. मी आपणच कोनाड्यात ठेवली. बसमध्ये मी म्हटलं, जाऊ दे, माणूस जगलं ना, बोललं नाही तरी चालेल. असं म्हटलं खरं, पण नंतर दोन आठवडे सृष्टी हसली की मी तिच्याकडे बघायचे आणि डोळे भरून यायचे, आणि सूनबाई विचारायची, "आई, कांदा चिरताय का?" हातात तर लाटणं.

काल दशरथ आला. बिबवेवाडीहून वाकडला, स्कूटरवर, पावसात. पिशवीतून पाकीट काढलं आणि म्हणाला, "काकांनी दिलंय. हातातच दे म्हणाले." मी म्हटलं, "काही बोलले का?" तो म्हणाला, "म्हणाले, स्कूटर हळू चालव."

पाकिटात चिठ्ठी नाही. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. दोन कागद.

पहिला नवा. तुमचंच अक्षर, जरा थरथरलेलं. वेळ, ताप, उपचार, आहार. आणि शेवटी पट्टीने आखलेला पाचवा रकाना, गोळी. तेवीस जुलैपासून आठ ऑगस्टपर्यंत. तीन दिवस एक गोळी, पुढे चौदा दिवस दुसरी, एकही वेळ चुकवली नाहीत. उपचारात लिहिलंय, कोमट पाण्याच्या घड्या. कोमट हा शब्द तुम्ही खाली रेघ मारून लिहिलाय. म्हणजे त्या दिवशी कळलं होतं तर. सव्वीस तारखेनंतर ताप नाही. मी तो कागद तीनदा वाचला.

दुसरा जुना. निळ्या वहीतलं चौऱ्याहत्तरचं पान, तुम्ही वहीतून काढलंत. पातं लावून काढलंय, फाडलं नाहीत. डोक्यावरचं निरंक तुम्ही खोडलंय. यार्डात वजन चुकीचं लिहिलं गेलं की करायचात तसंच, एकच आडवी रेघ, म्हणजे आधीचं दिसत राहतं, आणि बाजूला सही. समासात नवा रकाना आखलाय, गोळी. पूर्ण रिकामा. आणि खाली दोन शब्द, वेळा भर.

मी ते पान मांडीवर घेऊन बसले. श्याम आंघोळ करून आला, म्हणाला, "काय आहे?" मी दिलं त्याच्या हातात, आणि सगळं सांगितलं. त्याने पान उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाला, "म्हणजे घरात दोन डॉक्टर होते, आणि दोघंही बिनपरवान्याचे." मग बाल्कनीत गेला. आला तेव्हा म्हणाला, "कडू मध मला आठवतो."

आज सकाळीच चहाबरोबर रकाना भरला. सोपं होतं. चौथ्या दिवसापासून तुमच्या आहाराच्या रकान्यात जिथे जिथे मध लिहिलंय, तिथे समोर मी एक अशी खूण केली. सात, एक, सात. माझं अक्षर तुमच्या अक्षराशेजारी चिखलात बैल गेल्यासारखं दिसतं, पण वेळ बरोबर आहे.

एका ठिकाणी मात्र खूण नाही. गुरुवार. विसरले म्हणून कोरं ठेवलं नाही. आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर पुढचं औषध आलेलं नव्हतं, शुक्रवारी या म्हणाले. त्या गुरुवारी तीनही वेळा नुसता मध होता. पोर म्हणालं, "आज मध गोड आहे," आणि तुम्ही वहीत लिहिलंत, चव सुधारली. मी चुलीपुढे तोंडात पदर कोंबून उभी. दुपारी दोनला ताप एकशेचारच्या वर, हातपाय झटकायला लागला. तुम्ही त्या दिवशी काट्यावर गेला नाहीत. दोन ते सहा तुम्ही त्याच्याजवळून उठला नाहीत, पाणीसुद्धा प्यायला नाहीत. माठाचं पाणी संपलं आणि मी बाहेरच्या पिंपातलं आणून दिलं, ते उन्हाने कोमट झालेलं होतं. तुम्ही म्हणालात, "चालेल." बुडवायचं, पिळायचं, तीनदा झटकायचं. दर पाव तासाला पारा. तुमच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. सहाला एकशेएक. हे सगळं पानावर आहे, मी वाढवून सांगत नाही.

शुक्रवारी सत्यशीला सिस्टरांनी त्याला तपासलं. म्हणाल्या, "काल औषध नव्हतं, तरी पोर शुद्धीत कसं? ताप डोक्यात गेला असता तर आज माझ्या गोळीने काय केलं असतं? अंग कोणी पुसलं?" मी म्हटलं, "यांनी." त्या म्हणाल्या, "सांगा त्यांना, हात चांगला आहे." मी कसं सांगणार? सांगितलं असतं तर दवाखान्याचं नाव निघालं असतं. गोळी लपवली तिचं मला एवढं वाटत नाही, ते पोरासाठी केलं. पण हे तुमचं होतं आणि मी अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे ठेवलं. आता घ्या. गुरुवारचा रकाना कोरा आहे, तो तुमचा.

श्यामला मी तो गुरुवार वाचून दाखवला. तो सृष्टीला मोजे घालायला लागला. मी म्हटलं, "कुठे?" म्हणाला, "पान पोस्टाने पाठवू नको. हरवतं."

तर आम्ही येतोय. चौघंही. सूनबाईने शिरा केलाय आणि मीठ-साखर दोन्ही घातल्याची खात्री मी केली आहे. हे पत्र आणि पान मी तुमच्या दाराखालून सरकवेन आणि आम्ही बाहेर जिन्यात थांबू. सावकाश वाचा, चष्मा पुसून घ्या. पण वाचून झालं की दार लगेच उघडा. सृष्टीला अजून फार वेळ उभं राहता येत नाही, बसकण मारते.

तुळजा